कललेली बोट

सप्टेंबरात हेस्टरचा नवरा क्लाइव्ह गेला, आणि नोव्हेंबर सरत आला तरी तिला रडू आलं नव्हतं.

सगळं तिनंच उरकलं होतं. इस्पितळातले कागद, दफनभूमीतली जागा, त्याचे कपडे धर्मादाय दुकानात नेऊन देणं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देणं. मुलगी फिलिपा तिचा हात हातात घेऊन रडत होती तेव्हा हेस्टर त्या दोन हातांकडे बघत बसली होती आणि त्यातला आपला कोणता हे तिला क्षणभर ठरवावं लागलं होतं. फिलिपा म्हणाली होती, "आई, आता तू माझ्याकडे लीड्सला चल. एकटीनं बोटीवर हिवाळा काढायचा म्हणजे काय!" त्यावर हेस्टर शांतपणे म्हणाली होती, "कालव्यावरच्या पुढच्या लॉकची, पाणी अडवणारी दारं दुरुस्तीला काढलीत गं. मार्चपर्यंत बोट हलायची नाही. मार्चनंतर बघू." बोट हलत नसली तरी माणसाला उठून जाता येतं, ही गोष्ट दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

मग कालव्यावरचा हिवाळा सुरू झाला. बोट सत्तावन्न फूट लांब आणि सात फूट रुंद, एखाद्या बोळासारखी. नाव 'लॅपविंग', म्हणजे टिटवी. सकाळी उठून शेगडीतली राख बाहेर काढायची, उरलेल्या निखाऱ्यांवर नवे कोळसे रचायचे, खिडक्यांच्या आतून साचलेलं दव जुन्या टॉवेलनं पुसायचं, पाण्याच्या टाकीत किती उरलंय ते बघायचं. बाहेर काठाची पायवाट चिखलानं काळी झालेली, पलीकडच्या शेतात मेंढ्या, आणि त्यांच्यावर दिवसभर एकच राखाडी रंग. साडेतीनला दिवे लावावे लागत. हेस्टर हे सगळं नीट करत असे. एकदा शेगडीच्या दाराला मनगट लागलं. मांस जळाल्याचा वास आधी आला, आणि मग तिनं खाली बघितलं.

बोटीवर राहणाऱ्यांना एक गोष्ट अंगानं कळते, ती कोणी शिकवावी लागत नाही. कोणी बोटीवर पाय ठेवला की बोट त्या बाजूला किंचित दबते. उतरला की तेवढीच वर येते. आत स्वयंपाक करत असा, आंघोळ करत असा, झोपेत असा, तळपायांना कळतं. क्लाइव्ह चढायचा तो दणकन, दोन्ही पायांनी, आणि कपाटातल्या बश्या एकमेकींवर वाजायच्या. त्यांचा शेजारी ग्विलिम, चौऱ्याहत्तर वर्षांचा वेल्श म्हातारा, आधी एक पाय टेकवून थांबायचा आणि मग दुसरा आणायचा. बोटीवरच्या तीन वर्षांत हेस्टरला माणसं अशी पायांनीच ओळखू येऊ लागली होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, ती खिडकीपाशी चहाचा पेला घेऊन बसलेली असताना बोट मागच्या टोकाला दबली. हलकेच, चाचपत. पायांची ओळख पटली नाही. मग मागच्या दारावर दोनदा टकटक झाली.

"आत कोणी आहे का?" बाईचा आवाज होता. तरुण नव्हता, म्हाताराही नव्हता.

हेस्टरनं तीस वर्षं सुईणीचं काम केलेलं. या तीस वर्षांत दारावर थाप पडली आणि ती उठली नाही असं एकदाही झालं नव्हतं; ताटावरून उठली होती, तापातून उठली होती, फिलिपाच्या वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या विझायच्या आत उठली होती. आत्ताही मन म्हणालं, ऊठ. पण तो निरोप पायांपर्यंत पोचलाच नाही. भीती वाटली नाही, कंटाळाही आला नाही. ती फक्त पेल्यातल्या चहाकडे बघत राहिली. पुन्हा एकदा टकटक झाली, पहिल्यापेक्षा हळू. मग काही नाही.

चहा गार झाला. बाहेर अंधारलं. दिवा लावायला ती उठली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बाई चढल्याचं कळलं होतं, उतरल्याचं कळलं नाही.

तिनं मागचं दार उघडून पाहिलं. डेकवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढईतलं तेल एका बाजूला जाऊन बसलं. न्हाणीचं सरकतं दार आपसूक उघडायला लागलं. पेन्सिल टेबलावर ठेवली की मागच्या डाव्या कोपऱ्याकडे घरंगळे. थोडासाच कल होता, जमिनीवरच्या माणसाला कळलाही नसता.

शनिवारी डॉरीन आली. तिची बोट म्हणजे तरंगतं दुकानच; दर पंधरवड्याला कोळसा, डिझेल, गॅसचे सिलिंडर घेऊन ती कालव्याच्या या टापूत फिरायची. साठीची, दंडानं कुठल्याही पुरुषाला भारी, आणि तोंडानं त्याहून.

"जिवंत आहेस का गं?" ती लांबूनच ओरडली. "धूर दिसला म्हणून विचारते हो, नाहीतर थेट कोळसा फेकून पुढं गेले असते."

"आहे जिवंत," हेस्टर म्हणाली.

"आवाजावरून वाटत नाही." डॉरीननं दोर टाकला आणि 'लॅपविंग'कडे डोळे बारीक करून पाहिलं. "हे काय? तुझ्या बोटीचं बूड बसलंय की! डाव्या अंगाला. मागं कुणाला लपवून ठेवलंयस? बघ हां, नवरा जाऊन तीन महिने नाही झाले, गावात बोभाटा होईल."

तिनं हसून डोळा मारला. हेस्टर हसली नाही म्हणताना तिनं आवाज खाली आणला. "तळात पाणी भरत असेल गं. चेष्टा नाही. ग्विलिमला दाखव. आजच."

ग्विलिम दुपारी आला. त्याच्यामागं त्याची कुत्री मॉगी. ती मात्र पायवाटेवरच बसली, कितीही बोलावलं तरी बोटीवर चढेना. त्यानं मागच्या फळ्या उचलल्या, बॅटरी लावून तळ पाहिला, हात घालून चाचपला आणि कोरडा हात हेस्टरला दाखवला.

"थेंब नाही. तळ ठणठणीत आहे." त्यानं टोपी मागं सरकवली. "आता काय करू, वजनानंच सरळ करू. तुझा कोळसा पुढच्या उजव्या अंगाला नेतो."

वीस किलोचं एक पोतं नेलं. मग दुसरं. तिसरं ठेवलं तेव्हा टेबलावरची पेन्सिल जागच्या जागी राहिली.

"तीन पोती!" ग्विलिम धापा टाकत म्हणाला. "साठ किलो. कुठून आलं गं एवढं वजन? क्लाइव्हची अवजारं आहेत का मागं?"

"नाहीत. दिली सगळी."

साठ किलो, हेस्टरच्या मनात आलं. मध्यम बांध्याची बाई. हजारो बायकांना तिनं हातांनी उचलून बसवलं होतं. वजनाचा अंदाज तिच्या खांद्यांत होता.

ग्विलिम चहाला थांबला. दोन बिस्किटं बुडवून खाल्ल्यावर तो म्हणाला, "परवा गुरुवारी तुझ्याकडं आली होती ती कोण गं? नर्सबिर्स होती का तुझ्या ओळखीची?"

"कोण?"

"ती गं, हिरव्या कोटातली. मी खिडकीतून बघत होतो. किती वेळ उभी होती मागच्या डेकवर! मला वाटलं, जाऊन सांगावं, हेस्टरला जरा कमी ऐकू येतं आजकाल, जोरात वाजव. पण किटली शिट्टी मारायला लागली. परत आलो तर नव्हती. आत घेतलंस ना?"

"घेतलं," हेस्टर म्हणाली.

"बरं केलंस. पायात बूट नव्हते गं तिच्या. नुसते मोजे, चिखलानं भरलेले. मी मनात म्हटलं, बरोब्बर दार गाठलंय बयेनं. सुईणीच्या दारातून कोण परत जातंय!"

तो गेल्यावर हेस्टरनं बोटीच्या छपरावरचा लांब बांबू उतरवला. उजेड होता तोवर ती मागच्या टोकापासून सुरुवात करून, बोट आणि काठ यांच्या मधलं पाणी, मग पलीकडचं पाणी, हातभर हातभर अंतरावर बांबू खाली घालून चाचपत गेली. प्रत्येक वेळी बांबू मऊ गाळात रुतला आणि काळा होऊन वर आला. मग तिनं पोलिसांना फोन केला. पलीकडच्या मुलीनं सौजन्यानं सगळं लिहून घेतलं, तपासून सांगितलं, की आजूबाजूला कोणी हरवल्याची नोंद नाही, आणि विचारलं, "त्या बाईंशी तुमचं काही बोलणं झालं होतं का?"

"नाही," हेस्टर म्हणाली. "मी दार उघडलं नाही."

हे वाक्य तिनं पहिल्यांदाच उच्चारलं होतं. काहीतरी होईल म्हणून तिनं वाट पाहिली. छातीत, घशात, कुठंच काही झालं नाही.

रविवारी सकाळी तिनं मागचं दार उघडलं. गोठलेलं दहिवर पडलं होतं. डेक, दोर, सुकाणूचा दांडा, सगळं पांढरं. त्या पांढऱ्यावर कुठंही ठसा नव्हता. डाव्या कोपऱ्यात मात्र दोन पावलं मावतील एवढी जागा ओली आणि काळी होती, तिथं दहिवर धरलं नव्हतं. हेस्टर उंबऱ्यात गाऊन आवळून उभी राहिली. थंडीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच.

"आत या," ती म्हणाली. "बाहेर गारठा आहे."

आणि दारातून बाजूला सरली.

बोट हलली. पाण्यावर एक बारीक वळी उठून पलीकडच्या काठाला गेली. मग कोळशाच्या तीन पोत्यांचा तोल उरला नाही, आणि 'लॅपविंग' हळूहळू पुढं, उजवीकडं, झुकत गेली. कपाटाचं दार उघडलं. शेगडीसमोरच्या बाकाची गादी जराशी करकरली.

हेस्टरनं दार लावलं. किटली ठेवली. दोन पेले काढले. "साखर?" तिनं विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून एक चमचा घातली, पायांत बूट नसलेल्या माणसाला साखर लागतेच. मग ती कोळशाची पोती एकेक करून परत मागं घेऊन गेली.

तो डिसेंबर तसाच गेला. आधी हेस्टरला वाटलं होतं, की हा क्लाइव्ह असावा. निदान तसं वाटावं असं वाटलं होतं. पण क्लाइव्हचं वजन तिला पाठ होतं, आणि हे त्याचं नव्हतं. हे परक्याचं वजन होतं, संकोची, पाहुण्यासारखं जपून वावरणारं. सकाळी ते बाकावर असे. ती राख काढायला वाकली की बोट मागच्या बाजूला कलायची, वाट करून दिल्यासारखी. दुपारी कधी न्हाणीपाशी, कधी खिडकीशी. हेस्टर त्या बाईशी कधी बोलली नाही असं नाही. "मी पाणी भरून येते हं," "डॉरीनची वेळ झाली," एवढंच. दुसऱ्या पेल्यातला चहा संध्याकाळपर्यंत तसाच राही आणि ती तो कालव्यात ओते. तिला भीती वाटत नव्हती, बरंही वाटत नव्हतं. खोलीत दोन खुर्च्या असाव्यात तसं ते होतं.

फिलिपा रोज फोन करायची. "काय केलंस आज?" "काही नाही." "जेवलीस?" "जेवले." एकदा फिलिपा म्हणाली, "आई, तू सारखी 'आम्ही' म्हणतेस. 'आम्ही सूप केलं.' तुझ्या लक्षात येतंय का?"

"इतक्या वर्षांची सवय," हेस्टर म्हणाली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कालवा गोठला. पहिल्या दिवशी काचेसारखा पातळ थर, दुसऱ्या दिवशी बदकं त्यावर उभी राहिली, चौथ्या दिवशी ग्विलिमनं छपरावरून वीट फेकली आणि ती टणकन उसळून घसरत गेली. डॉरीनची बोट दोन मैलांवर अडकून पडली. 'लॅपविंग' बर्फात गच्च रुतली. एखाद्या भिंतीत खिळा ठोकावा तशी. आता ती कलत नव्हती. ग्विलिम चढला तरी दबत नव्हती. हेस्टर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि पायांखाली तिला फक्त जमीन लागली.

तिनं बाकाकडं पाहिलं. "आहात ना?" तिनं विचारलं.

गादी करकरली नाही. पेन्सिल हलली नाही. तिनं चहा केला, दोन पेले भरले, आणि पहिल्यांदाच तिला कळेना, की दुसरा पेला कोणासाठी. आहे की गेली? बर्फावरून चालत गेली असेल, नुसत्या मोज्यांनी? की अजून तिथंच बसून हेस्टरकडं बघतेय आणि सांगायला तिच्याकडं बोटीखेरीज दुसरं काहीच नाही? सहा दिवस असे गेले. सहाव्या दिवशी सकाळी, खिडकीवरचं दव पुसता पुसता, हेस्टरला रडू फुटलं. ती खाली फळ्यांवर बसली आणि तोंडात टॉवेलचा बोळा धरून रडली. हे रडणं क्लाइव्हसाठी नव्हतं, हे तिला रडतानाही माहीत होतं.

नेमका तेव्हाच फिलिपाचा फोन आला, आणि तिनं तो घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराला फिलिपा हजर. गाडी पुलापाशी उभी करून पायवाटेवरून आलेली, नाक लाल, केसांना दहिवर. "तू फोनवर रडलीस," ती आत येत म्हणाली, "आणि मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आता आई परत येतेय. आता तिला आणायचीच." तिनं आईला घट्ट मिठी मारली आणि कोट काढत बाकावर बसायला वळली.

"तिथं नको," हेस्टर म्हणाली.

"का?"

फिलिपानं बाकाकडं पाहिलं, मग टेबलावरच्या दोन पेल्यांकडं. एक रिकामा, एक काठोकाठ भरलेला, वर साय धरलेला. बाकाखाली लोकरी मोज्यांची नवी जोडी घडी घालून ठेवली होती. ती हेस्टरनं नाताळात विणली होती.

"आई," फिलिपा अगदी हळू आवाजात म्हणाली, "इथं कोण राहतंय?"

"आत्ता मला सांगता येणार नाही," हेस्टर म्हणाली, आणि हे अक्षरशः खरं होतं.

फिलिपा उभीच राहिली. रागावली नाही. "मी बाबांना गमावलंय. तुला असं हळूहळू जाताना मी बघणार नाही. तू बॅग भरणार आहेस की मी भरू? आणि मला मार्च सांगू नकोस. बोट राहू दे. तू चल."

हेस्टरनं लेकीकडं पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी तिला तो चेहरा जवळ असल्यासारखा दिसला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठाचा सोललेला कोपरा. ही पोर चार महिने रोज एका भिंतीला फोन करत होती. "भर तू," ती म्हणाली. "मला काय काय लागतं ते तुला ठाऊक आहे."

अर्ध्या तासात बॅग झाली. शेगडी विझू दिली, गॅस बंद केला, नळ सोडून पाइपांतलं पाणी काढून टाकलं. ग्विलिम किल्ली घ्यायला आला. "जा गं, खुशाल जा," तो म्हणाला. "बोट कुठं पळून जातेय! मी रोज बघीन. तिकडं लेकीच्या हातचं खा, अंगावर जरा मांस चढू दे."

फिलिपा बॅग घेऊन उतरली. हेस्टर मागं राहिली. अंधारलेल्या, लांबट खोलीत शेगडीची ऊब अजून होती.

"मी निघाले," ती बाकाकडं बघून म्हणाली. "मुलगी न्यायला आलीय. त्या दिवशी मी उठायला हवं होतं." तिनं मागचं दार उघडलं, आणि बाहेर पडल्यावर क्षणभर ते तसंच उघडं धरून उभी राहिली. मग लावलं. काठावर उतरून तिनं वळून पाहिलं. बोट जराही हलली नाही. तिच्या उतरण्यानंही नाही, कशानंच नाही. बर्फ तिला काही सांगू देत नव्हता.

पुलापर्यंतच्या चालण्यात फिलिपा अखंड बोलत होती. खोली कुठली, पडदे कसले, शेजारीण किती चांगली. मॉगी भुंकत पाचपन्नास पावलं आली आणि मध्येच थांबून, शेपूट पायांत घालून, परत फिरली. फिलिपानं बॅग डिकीत टाकली. हेस्टर पुढं बसली. काचा बर्फानं आंधळ्या झाल्या होत्या. फिलिपा बाहेर उभी राहून त्या खरवडत होती, आणि हेस्टर स्वतःचे हात मांडीवर घेऊन बसली होती. ते गार पडले होते, आणि गार पडल्याचं तिला कळत होतं.

फिलिपा आत बसली, गाडी सुरू केली. टुण, टुण, टुण, असा आवाज यायला लागला. समोर एक लाल दिवा पेटला होता.

"हे काय आता?" फिलिपानं आपला पट्टा ओढून पाहिला, मग आईचा. "मागच्या सीटचं दाखवतंय. पट्टा लावा म्हणतंय." तिनं वळून बघितलं. "काहीच नाहीये गं तिथं. बॅग तर डिकीत आहे. थंडीनं बिघडलं असणार."

आवाज थांबेना. फिलिपानं गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. टुण, टुण, टुण.

"थांब," हेस्टर म्हणाली.

ती उतरली, मागचं दार उघडून वाकली, आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खालच्या खाचेत अडकवला. आवाज थांबला. फिलिपा सुस्कारा टाकून हसली आणि आरसा नीट करू लागली. हेस्टरनं मात्र दार लगेच लावलं नाही. खाचेपर्यंत पोचायला पट्टा रिकाम्या सीटला लागतो त्याहून बराच लांब ओढावा लागला होता.